वाणिज्याच्या वरच्या वर्गात पुन्हा प्रवेश

जून महिना लागला की महाविद्यालयाच्या कचेरीपुढे गर्दी होऊ लागते. हल्ली अर्ज संगणकावर भरतात हे खरे, तरी कागद दाखवायला खिडकीशी यावेच लागते. रांगेत सगळी सतरा-अठरा वर्षांची मुलेमुली असतात. त्यांचा गलका चाललेला असतो. आणि रांगेपासून थोडा हटून, भिंतीशी, एखादा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा गृहस्थ उभा असतो. प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या गुणपत्रिका, कपाळावर घाम, आणि गर्दी कधी ओसरते याची वाट पाहणारे डोळे. कधी एखादी बाई असते. तिच्याबरोबर तिची पाच-सहा वर्षांची मुलगीही असते. विचारावे, तर उत्तर ठरलेले, "सर, दोन वर्षं झाली होती. शेवटचं राहिलं."

श्रोतेहो, या 'शेवटचं राहिलं' म्हणणाऱ्या माणसांविषयी मला आज बोलायचे आहे. पंचवीसेक वर्षे मी तालुक्याच्या गावी वाणिज्य शिकवीत आलो. बी. कॉम.चे पहिले किंवा दुसरे वर्ष पुरे करून घरच्या अडचणीने बाहेर पडलेला आणि पुढे काही वर्षांनी वरच्या वर्गात येऊन बसलेला विद्यार्थी मी बऱ्याच वेळा पाहिला. त्याच्या बाबतीत लोकांचा एक समज असतो, आणि त्याचा स्वतःचाही असतो, की मधली वर्षे वाया गेली. वाणिज्यापुरते बोलायचे तर हा समज बराचसा चुकीचा आहे. का, ते पाहू.

आधी वरचा वर्ग म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही मुलांना लिहायला शिकवतो. व्यवहार झाला की तो रोजकीर्दीत कसा मांडायचा, तिथून खतावणीत कसा न्यायचा, नावे कोणते आणि जमा कोणते, मग तेरीज जुळवायची, नफातोटा पत्रक आणि शेवटी ताळेबंद. हे काम हाताला वळण लागण्याचे आहे. लहानपणी पाढे पाठ केले तसे. वरच्या वर्गात मात्र ताळेबंद तयार करून समोर ठेवलेला असतो आणि प्रश्न असतो की, हा काय सांगतो? या दुकानाला उधार माल द्यावा का? नफा दिसतो, मग तिजोरीत पैसा का नाही? कर किती बसेल, आणि तेवढाच का? लिहिणे संपून वाचणे सुरू होते, असे म्हणा ना. आणि वाचायला अनुभव लागतो. एकोणीस वर्षांच्या मुलाकडे तो कुठून असणार? बिचारा सूत्र पाठ करतो.

मोठ्या व्यवस्थापन-शाळांनी हे केव्हाच ओळखले आहे. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली निघाली, तेव्हा अमेरिकेतील हार्वर्डच्या व्यवसाय-शाळेचे तिला साहाय्य होते. तिथल्या दोन वर्षांच्या शिक्षणक्रमात पहिले वर्ष संपल्यावर विद्यार्थ्याला उन्हाळ्यात एखाद्या उद्योगात कामाला पाठवतात, आणि मग तो दुसऱ्या वर्षाला परत येतो. पुढे २००६ पासून तिथे, आधी काही वर्षे नोकरी केलेल्या माणसांसाठी, एक वर्षाचा वेगळा शिक्षणक्रमही चालू झाला. म्हणजे काम करून परत येणे ही तिथे शिक्षणाची रीतच आहे. आमच्याकडचा विद्यार्थी तेच करतो; फरक इतकाच की त्याला कोणी पाठवलेले नसते, परिस्थितीने ढकललेले असते, आणि उन्हाळा दोन महिन्यांऐवजी सहा वर्षांचा होतो.

आता एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. २०१६ साली दुसरे वर्ष संपले आणि त्याच सुमारास वडिलांना अर्धांगाचा झटका आला. गावात पशुखाद्याचे आणि खतांचे दुकान. निम्मी उधारी वहीत, निम्मी वडिलांच्या डोक्यात. मुलगा गल्ल्यावर बसला तो सहा वर्षे उठला नाही. २०२२ साली धाकटा भाऊ हाताशी आला, तेव्हा हा तिसऱ्या वर्षाला परत आला. मी विचारले, "दुकान बरं चाललंय, मग आता पदवी कशाला?" त्याचे उत्तर माझ्या लक्षात राहिले आहे. "सर, दुकान चालतं. पण वर्षअखेरीला पैसा जातो कुठं, तेच कळत नाही."

हा प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी शिक्षकाच्या नशिबी क्वचित येतो. तरी सुरुवातीला तो शेवटच्या बाकावर गप्प बसे. मुले त्याला 'दादा' म्हणत, आणि त्यामुळे तो अधिकच अवघडून जाई.

एके दिवशी भांडवलाच्या उलाढालीचा धडा चालला होता. मी फळ्यावर एक उदाहरण घातले. समजा, एक लाख रुपये पशुखाद्यात घातले आणि फेरीला दोन टक्के सुटतात. दुसरे एक लाख रासायनिक खतात घातले आणि तिथे सहा टक्के सुटतात. कोणता धंदा बरा? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, खताचा. मागून हळूच आवाज आला, "सर, पैसा परत कधी येतो ते सांगा की आधी."

मी खडू त्याच्या हातात दिला. तो उभा राहून सांगू लागला. गावात दुधाचे बिल पंधरा दिवसांनी निघते. पशुखाद्य नेणारा गवळी दुधाच्या बिलावर पैसे चुकते करतो. म्हणजे तो एक लाख पंधरवड्यात मोकळा होतो आणि वर्षात चोवीस वेळा फिरतो. दर फेरीला दोन हजार, चोवीस फेऱ्यांचे अठ्ठेचाळीस हजार. खताचे पैसे पीक निघाल्यावर. वर्षात फार तर तीन फेऱ्या. सहा हजार त्रिक अठरा हजार. वर्ग चूप झाला.

मग मी विचारले, "आणि टेम्पोभाडे, हमाली?" त्याने क्षणभर विचार केला. फेरीला आठशे धरू म्हणाला. चोवीस फेऱ्यांचे एकोणीस हजार दोनशे गेले, राहिले अठ्ठावीस हजार आठशे. खताचे तीन फेऱ्यांचे चोवीसशे गेले, राहिले पंधरा हजार सहाशे. तरी पशुखाद्यच पुढे. पुस्तकात याला भांडवल-उलाढालीचे गुणोत्तर म्हणतात. आपले जुने व्यापारी 'फिरता पैसा' म्हणत. ही गोष्ट त्याला ठाऊक होती. फक्त तिचे नाव आणि ती मांडायची रीत ठाऊक नव्हती. आणि मांडायची रीत कळल्यावर त्याला आपल्याच दुकानाविषयी एक नवी गोष्ट कळली. तो खताला मोठा नफा समजून दरवर्षी त्यातच जास्त पैसा गुंतवीत होता, आणि पशुखाद्याचा माल मागवायला वेळेवर रोकड नसे. पैसा जातो कुठे, याचे निम्मे उत्तर त्या दिवशी फळ्यावर निघाले.

कराच्या बाबतीतही असेच. तो शिकत होता तेव्हा विक्रीवर मूल्यवर्धित कर होता; १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. वर्गातल्या मुलांना नवी पद्धत पुस्तकातून शिकावी लागली. याने ती गल्ल्यावर शिकलेली. पशुखाद्यावर कर नाही, खतावर पाच टक्के, कीटकनाशकावर अठरा, हे त्याला तोंडपाठ. पण जो दुकानदार करपात्र आणि करमुक्त असा दोन्ही माल विकतो, त्याला सामायिक खर्चावर भरलेल्या कराची पुरती वजावट का मिळत नाही, फक्त करपात्र विक्रीच्या प्रमाणातच का मिळते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. कर-सल्लागार सांगेल तो आकडा भरायचा, एवढेच चालले होते. वर्गात त्याने ते समजून घेतले आणि पुढच्या वेळी सल्लागाराला दोन प्रश्न विचारले. सल्लागारही चकित झाला म्हणे.

परत येणाऱ्याने हे ओळखून असावे की जुन्या पुस्तकांपैकी काही टिकतात आणि काही शिळी होतात. नावे-जमेचे नियम टिकतात. लुका पाचोली नावाच्या इटालियन गणिती साधूने १४९४ साली व्हेनिस येथे जी दुहेरी नोंदीची पद्धत छापून काढली, तिचा गाभा आजही तोच आहे. कराराचा कायदा १८७२ चा, मालविक्रीचा १९३० चा, भागीदारीचा १९३२ चा. मधून मधून दुरुस्त्या झाल्या, पण पाया जुनाच. उलट कंपनी कायदा १९५६ चा जाऊन २०१३ चा आला, ग्राहक-संरक्षणाचा १९८६ चा जाऊन २०१९ चा आला. आयकराचा १९६१ चा कायदा तर आमच्या पिढीने जन्मभर घोकला. त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू. 'असेसमेंट इयर' आणि 'प्रीव्हियस इयर' यांच्या घोळात किती विद्यार्थ्यांचे गुण गेले असतील! नव्या कायद्यात दोन्ही शब्द जाऊन एकच 'टॅक्स इयर' आले आहे. तेव्हा थोरल्या भावाची पुस्तके मागून आणताना कीर्द-खतावणीचे खुशाल आणावे. कराचे मात्र नवेच घ्यावे.

इथवर ऐकून कोणाला वाटेल, की गल्ल्यावर बसलेल्याला सगळेच सोपे जाते. तसे नाही. त्याला काही गोष्टी विसराव्याही लागतात, आणि शिकण्याहून विसरणे जड.

या मुलाच्या घरी दोन म्हशी. त्यांना पशुखाद्य दुकानातून जाई, ते कधी लिहिले जात नसे. "आपलंच दुकान, आपलीच म्हैस, लिहायचं कुणाच्या नावावर?" असे त्याचे म्हणणे. पुस्तक सांगते की धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकाने पैसा उचलला काय किंवा पोते उचलले काय, ती 'उचल', आणि तिचे स्वतंत्र खाते. हे त्याच्या गळी उतरायला महिना लागला. वर्गातल्या पोरांनी पहिल्या वर्षीच मान्य केले होते, कारण त्यांच्याकडे म्हैस नव्हती.

त्याहून अवघड प्रसंग उधारीचा. ताळेबंद करताना येणे रकमेतून काही भाग बुडेल असे धरून तेवढी तरतूद करतात. मी गणित दिले. येणे दोन लाख, पाच टक्के संशयित धरा. दहा हजार नफ्यातून बाजूला काढायचे. सगळ्यांनी दोन मिनिटांत सोडवले. हा वही तशीच ठेवून बसलेला. तास संपल्यावर जवळ आला. म्हणाला, "सर, ही माझ्या गावची माणसं. वडील पडले तेव्हा यांनीच दवाखान्यात नेलं. यातल्या कोणाचं नाव बुडीत म्हणून लिहू?"

मी त्याला बसवून घेतले. तरतूद म्हणजे कोणाच्या नावावर काट मारणे नाही, हे सांगितले. खतावणीत ज्याचे त्याचे खाते जसेच्या तसे राहते. एक रुपयाही कमी होत नाही. फक्त आपण आपल्या नफ्याला सांगतो, की बाबा, तू दिसतोस तेवढा मोठा नाहीस. शंभर माणसांत चार-पाच जणांना यंदा जमणार नाही. कोणाला, ते आज ठाऊक नाही आणि विचारायचेही नाही. प्रत्यक्ष एखाद्याचे येणे बुडाले, तेव्हा त्याचे नाव लिहिण्याची वेळ येते. ती नोंद निराळी. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे वडिलांनी सगळी उधारी नफा धरली, आणि त्या नफ्यावर घर चालवलं." पैसा कुठे जातो याचे उरलेले उत्तर ते होते.

इथे शिक्षकमित्रांशी दोन शब्द बोलतो, आणि त्यात माझी एक चूकही सांगतो. या मुलाच्या काही वर्षे आधी असाच एक विद्यार्थी माझ्या वर्गात आला होता. मी नेहमीप्रमाणे "हे तुम्ही गेल्या वर्षी केलंच आहे" असे म्हणत पुढे जात राहिलो. त्याचे 'गेले वर्ष' पाच वर्षांमागे होते, हे माझ्या ध्यानात आले नाही. पहिल्या चाचणीत त्याला पस्तीसात नऊ गुण पडले, आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवले. दिवाळीनंतर तो आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की परगावी गोदामात कामाला लागला. त्याला हिशेब येत नव्हता असे मला आजही वाटत नाही. त्याला तीन तास सलग लिहिता येत नव्हते. हाताची सवय गेली होती. ही गोष्ट लहान दिसते, पण परत येणाऱ्यांपैकी बहुतेकांची पहिली अडचण हीच असते. दुसरी, इंग्रजीतल्या संज्ञांची.

त्यानंतर मी एवढेच करू लागलो. पहिल्या पंधरवड्यात, वर्ग सुटल्यावर, चार-पाच जुनी गणिते त्याच्याकडून कागदावर पुरती लिहून घ्यायची. रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत, घड्याळ लावून. गुण द्यायचे नाहीत. आणि शक्य झाले तर वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीशी किंवा मुलाशी जोडी लावून द्यायची; एकाने संज्ञा सांगाव्या, दुसऱ्याने व्यवहार. परत आलेल्या स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक. दुपारचा जादा तास त्यांना उपयोगी नाही, कारण शाळेतून मूल घरी यायची ती वेळ. सकाळचा ठेवावा. माझ्या वर्गातल्या एका बाईंनी महिला बचत गटाचे जमाखर्च चार वर्षे लिहिले होते. हिशेबतपासणीच्या तासाला पावती नसलेल्या खर्चाचे काय करावे, यावर त्या जे बोलल्या ते माझ्या टिपणात नव्हते.

आता दारे कोणती उघडी आहेत, ते थोडक्यात. ज्यांनी जुन्या पद्धतीत पहिले-दुसरे वर्ष केले, त्यांनी प्रथम आपल्याच महाविद्यालयात जावे. अभ्यासक्रम बदललेला असेल तर कोणते विषय समकक्ष धरले जातील आणि कोणते नव्याने द्यावे लागतील, हे विद्यापीठ ठरवते. पदवी पुरी करण्याची मुदतही विद्यापीठागणिक निराळी, तेव्हा ऐकीव माहितीवर न थांबता लेखी विचारावे. सर्व गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि मधल्या वर्षांविषयीचे प्रतिज्ञापत्र, ज्याला खिडकीवर 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात, एवढे जवळ असू द्यावे.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाखाली, म्हणजे आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून प्रवेश घेतलेल्यांना, सोय अधिक आहे. एक वर्ष पुरे करून आणि उन्हाळ्यातला ठरलेला व्यवसाय-अभ्यास करून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, तसेच दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. मिळवलेली श्रेयांके, म्हणजे क्रेडिट, बँकेतल्या ठेवीसारखी नोंदली जातात. २०२१ च्या नियमांनी निघालेल्या या बँकेत ती जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याचा हिशेब आहे. तेव्हा घरच्या अडचणीने वर्ग सोडावा लागला, तर न सांगता गायब होऊ नये. रीतसर बाहेर पडावे आणि आपल्या खात्यावर श्रेयांके जमा झाली की नाही, हे पाहूनच जावे. पुढे परतताना तो एक कागद फार उपयोगी पडतो.

ज्यांना रोज वर्गात येणे जमणारच नाही, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. त्याची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत आणि वाणिज्याची पदवी तिथे मराठीतून करता येते. आधीची वर्षे तिथे कितपत धरली जातील, हे मात्र पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

त्या खताच्या दुकानाच्या मुलाचे राहिले. २०२३ च्या उन्हाळ्यात तो परीक्षा उत्तीर्ण झाला, वर्ग दुसरा. त्या दिवाळीला त्याने मला वहीपूजनाला बोलावले. वडील खुर्चीत बसले होते, बोलणे अजून अडखळत होते. नव्या खतावणीत त्याने स्वतःच्या नावे 'उचल' असे खाते उघडले होते, आणि पहिली नोंद होती घरच्या म्हशीसाठी नेलेल्या एका पोत्याची. किंमत विक्रीच्या भावाने धरली होती. ती खरेदीच्या भावाने धरायची, एवढी दुरुस्ती मी सांगितली, आणि त्याने लगेच खोडून नीट लिहिली.